जीएमआरटीमधील कालनियंत्रण प्रणाली

जीएमआरटीमधील कालनियंत्रण प्रणाली ही पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांचे काम एका सामाईक घड्याळाशी बांधून ठेवणारी इलेक्ट्रॉनिक व संगणकीय यंत्रणा आहे. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या परिसरात विखुरलेल्या या अँटेना एकमेकींपासून कित्येक किलोमीटर दूर आहेत. त्यांनी टिपलेले संकेत योग्य क्षणी जुळवले, तरच त्या सर्व मिळून एक दुर्बीण म्हणून काम करतात. वेळ चुकल्यास त्या तीस स्वतंत्र तबकड्या ठरतात. अँटेनांना दिशा देणे, संकेतांची वारंवारता बदलणे, त्यांतील विलंब भरून काढणे आणि प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का उमटवणे ही या यंत्रणेची प्रमुख कामे आहेत. वातावरण-संशोधनासाठी वापरल्या जाणाऱ्या रडारमधील कालनियंत्रकाशी तिचे निकटचे नाते आहे.

पार्श्वभूमी

जीएमआरटीची संकल्पना प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तमिळनाडूतील उटी येथे १९७० साली कार्यान्वित झालेल्या रेडिओ दुर्बिणीची उभारणीही स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली झाली होती. जीएमआरटीचे बांधकाम व संचालन टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुणेस्थित राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आहे. ४ ऑक्टोबर २००१ रोजी या दुर्बिणीचे औपचारिक लोकार्पण करण्यात आले. २०२० साली 'आयईईई' या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने अभियांत्रिकीच्या इतिहासातील 'मैलाचा दगड' म्हणून तिची नोंद केली.

प्रत्येक अँटेनेचा व्यास ४५ मीटर आहे. तीसपैकी १४ अँटेना खोडदजवळ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती क्षेत्रात आहेत. उरलेल्या १६ अँटेना इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात पसरलेल्या तीन भुजांवर असून प्रत्येक भुजेची लांबी सुमारे १४ किलोमीटर आहे. परस्परांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. दोन अँटेनांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेस आधाररेषा म्हणतात. तीस अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात आणि या प्रत्येक जोडीसाठी वेळेचा हिशेब स्वतंत्रपणे जुळावा लागतो.

जागेची निवड करताना रेडिओ गोंगाट कमी असणे, भोवती डोंगरांचा आडोसा असणे, पुणे शहर जवळ असणे आणि चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे अंतर असणे या बाबी विचारात घेण्यात आल्या. याच जुन्नर तालुक्यात आर्वी येथे १९७१ साली 'विक्रम' हे उपग्रह-दळणवळणाचे भूकेंद्र सुरू झाले होते.

वेळेच्या तीन पातळ्या

जीएमआरटीमध्ये वेळेच्या अचूकतेची गरज सर्व ठिकाणी सारखी नाही. ती साधारणपणे तीन पातळ्यांवर विचारात घ्यावी लागते.

पहिली पातळी सेकंदाची आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाशातील ज्योती दर सेकंदास कमाल १५ कोनीय सेकंद सरकताना दिसते. १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास एका अँटेनेला एका वेळी दिसणारा आकाशाचा भाग साधारणपणे २४ कोनीय मिनिटांचा असतो. त्यामुळे केवळ तबकडी वळवण्यापुरता विचार केल्यास घड्याळातील एका सेकंदाची चूक फारशी जाणवत नाही. एका मिनिटाची चूक मात्र १५ कोनीय मिनिटांएवढी होते आणि निरीक्षणाचा विषयच दृष्टिक्षेत्राच्या मध्यापासून दूर जातो. सर्व अँटेना मिळून तयार होणाऱ्या प्रतिमेत याच वारंवारतेस सुमारे २ कोनीय सेकंदांपर्यंतचे बारकावे दिसू शकतात. तेथे एका सेकंदाची चूकही मोठी ठरते.

दुसरी पातळी नॅनोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाची आहे. एका नॅनोसेकंदात प्रकाश व रेडिओ तरंग सुमारे ३० सेंटिमीटर अंतर कापतात. तिरप्या दिशेने येणारा तरंग एका अँटेनेवर आधी व दुसरीवर नंतर पोहोचतो. २५ किलोमीटरच्या आधाररेषेवर हा फरक जास्तीत जास्त ८३ मायक्रोसेकंदांपर्यंत जातो.

तिसरी पातळी त्याहूनही सूक्ष्म आहे. तरंग एखाद्या क्षणी आपल्या चढउतारातील कोणत्या टप्प्यावर आहे, याला त्याची कला म्हणतात. १४२० मेगाहर्ट्झच्या तरंगाचे एक आवर्तन सुमारे ०.७ नॅनोसेकंदात पूर्ण होते. कलेतील फरक दहा अंशांच्या आत ठेवावयाचा असेल, तर वेळेतील अस्थिरता नॅनोसेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागापेक्षा कमी असावी लागते. घड्याळ बरोबर लागणे आणि घड्याळ स्थिर चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या तीन पातळ्यांवरून स्पष्ट होते.

प्रमाण घड्याळ व संदर्भ वारंवारता

प्रणालीच्या मुळाशी रुबिडियम धातूच्या अणूंवर आधारलेला वारंवारता-प्रमाणक असून त्याची सांगड जीपीएस उपग्रहांकडून मिळणाऱ्या वेळेशी घातलेली आहे. या दोहोंचे गुण परस्परपूरक आहेत. रुबिडियमचे घड्याळ अल्पकाळात अतिशय स्थिर चालते, परंतु दीर्घकाळात हळूहळू मागेपुढे होते. जीपीएसवरून मिळणारी वेळ क्षणोक्षणी किंचित थरथरते, परंतु दीर्घकाळात ती जागतिक प्रमाणवेळेपासून ढळत नाही. म्हणून दैनंदिन स्थैर्य पहिल्याकडून आणि दीर्घकालीन अचूकता दुसऱ्याकडून घेतली जाते.

या व्यवस्थेतून दोन प्रकारचे संकेत मिळतात. एक म्हणजे संदर्भ वारंवारता, ज्यावरून इतर सर्व आंदोलक चालतात. दुसरा म्हणजे दर सेकंदाच्या आरंभी उमटणारा एक स्पंद, ज्यावरून अंकीय यंत्रणेची मोजणी सुरू होते.

संदर्भ वारंवारता मध्यवर्ती इमारतीतून प्रकाशतंतूंद्वारे प्रत्येक अँटेनेपर्यंत नेली जाते. मूळ रचनेत अँटेनेजवळील स्थानिक आंदोलक या संदर्भाशी जखडलेला असे आणि आकाशातून आलेल्या संकेताची वारंवारता त्याच्या साह्याने कमी केली जाई. तीस ठिकाणचे आंदोलक स्वतंत्रपणे चालले असते, तर त्यांच्या कला काही क्षणांतच एकमेकींपासून दूर गेल्या असत्या.

प्रकाशतंतूही स्वतःचा विलंब घेऊन येतो. काचेत प्रकाशाचा वेग कमी असल्यामुळे तंतूच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. १४ किलोमीटरच्या तंतूतून संकेत येण्यास सुमारे ७० मायक्रोसेकंद लागतात. तापमानाबरोबर हा विलंब किंचित बदलतो. म्हणून निरीक्षणाच्या दरम्यान, स्थान व तेजस्विता ठाऊक असलेल्या रेडिओ स्रोताकडे अँटेना ठराविक अंतराने वळवून यंत्रणेतील उरलेली चूक मोजली जाते. या कृतीस अंशांकन म्हणतात.

अँटेनांचे नियंत्रण

अँटेना दोन अक्षांभोवती फिरतात. एका अक्षावर दिगंश आणि दुसऱ्यावर उन्नती बदलते. ताऱ्याच्या खगोलीय स्थानावरून हे दोन कोन काढण्यासाठी नाक्षत्र काळ लागतो. नाक्षत्र दिवस २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा असल्यामुळे तोच तारा दररोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतो. शिवाय भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे आणि खोडद सुमारे ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्यामुळे तेथील स्थानिक माध्य वेळ प्रमाणवेळेच्या जवळजवळ ३४ मिनिटे मागे असते. नियंत्रण संगणक ही सर्व रूपांतरे सतत करत असतो.

मूळ व्यवस्थेत प्रत्येक अँटेनेच्या पायथ्याशी एक संगणक असून तो मध्यवर्ती नियंत्रण कक्षाकडून आज्ञा घेई. त्याच्या अखत्यारीत तबकडी फिरवणारी सर्वो यंत्रणा, नाभीवरील ग्राहक बदलणारी यंत्रणा आणि देखरेख व नियंत्रणाचे लहान प्रोग्रामक्षम घटक असत. तबकडीच्या नाभीपाशी फिरता बुरूज असून त्याच्या वेगवेगळ्या बाजूंवर वेगवेगळ्या वारंवारतांचे ग्राहक बसवलेले आहेत. बुरूज फिरवून हवा तो ग्राहक तबकडीसमोर आणता येतो.

अँटेनेजवळच्या इलेक्ट्रॉनिक भागात ठराविक क्रमाने संकेताची कला १८० अंशांनी उलटवण्याची सोयही करण्यात आली. हा क्रम वॉल्श फलने या गणिती मालिकेवरून ठरतो. वेगवेगळ्या अँटेनांना वेगवेगळे क्रम दिल्यास त्यांच्या संकेतांची वाटेत झालेली सरमिसळ पुढे वजा करता येते. त्यासाठी अँटेनेपाशी झालेली उलटापालट मध्यवर्ती इमारतीत नेमक्या त्याच क्षणी पूर्ववत करावी लागते.

विलंब-भरपाई

सर्व संकेत मध्यवर्ती इमारतीत आल्यावर त्यांचे अंकीकरण होते, म्हणजे संकेताची पातळी ठराविक अंतराने मोजून तिचे आकड्यांत रूपांतर केले जाते. मूळ रचनेत ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरला जात असे. सेकंदाला ३.२ कोटी नमुने घेतले, तर दोन नमुन्यांमधील अंतर ३१.२५ नॅनोसेकंद होते. जो संकेत आधी पोहोचला त्याचे नमुने स्मृतिकोशात थांबवून ठेवतात आणि उशिरा आलेल्या संकेताबरोबर बाहेर काढतात. ८३ मायक्रोसेकंदांच्या विलंबासाठी असे सुमारे २,७०० नमुने थांबवून ठेवावे लागतात.

पृथ्वी फिरत असल्यामुळे हा विलंब स्थिर राहत नाही. पूर्व-पश्चिम पसरलेल्या २५ किलोमीटरच्या आधाररेषेसाठी तो सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ६ नॅनोसेकंदांनी बदलतो. म्हणजे दर पाच सेकंदांच्या आसपास स्मृतिकोशातील मोजणी एका नमुन्याने पुढे किंवा मागे करावी लागते. एका नमुन्यापेक्षा लहान असलेला उरलेला विलंब, संकेताचे घटक-वारंवारतांत विभाजन केल्यावर प्रत्येक घटकाची कला योग्य प्रमाणात बदलून भरून काढतात.

याच कारणाने दोन अँटेनांच्या संकेतांतील कलाफरकही सतत फिरत राहतो. २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर वरील आधाररेषेसाठी तो सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ९ आवर्तने करतो. हे फिरणे गणिताने थांबवले नाही, तर काही सेकंदांच्या सरासरीत संकेत नाहीसा होतो. आकाशातला स्रोत असतो, अँटेना बरोबर रोखलेल्या असतात, तरीही नोंदीत काहीच उरत नाही.

संगणन यंत्रणेच्या तीन पिढ्या

सर्व जोड्यांच्या संकेतांचा गुणाकार करून त्यांतील साम्य मोजणाऱ्या यंत्रणेस सहसंबंधक म्हणतात. जीएमआरटीच्या सहसंबंधकाच्या तीन पिढ्या झाल्या.

पहिल्या पिढीत या कामासाठी खास घडवलेल्या चिप वापरल्या होत्या. अशा चिपचे काम ठरलेले असते. ते वेगाने होते, पण बदलता येत नाही.

दुसऱ्या पिढीत, २०१० च्या सुमारास, बाजारात मिळणाऱ्या अंकीकरण-कार्डांच्या व लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणक-समूहाच्या साह्याने संपूर्ण सहसंबंधक संगणकीय आज्ञावलीच्या रूपात उभारण्यात आला. नमुने घेण्याची सुरुवात सर्व संगणकांत एकाच क्षणी व्हावी यासाठी जीपीएसच्या स्पंदाचा उपयोग करण्यात आला.

तिसरी पिढी सुधारित जीएमआरटीबरोबर आली. सुधारित दुर्बीण सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झ दरम्यानच्या चार विस्तृत पट्ट्यांत काम करते आणि एका वेळी कमाल ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा टिपू शकते. येथे अंकीकरण व प्राथमिक संस्करण एफपीजीए प्रकारच्या चिपवर आणि पुढील गणित ग्राफिक्स प्रोसेसरवर होते. एफपीजीए ही अशी चिप असते की तिच्या आतील तर्कपरिपथांची जोडणी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरही पुन्हा पुन्हा बदलता येते. सेकंदाला ८० कोटी नमुने घेतल्यास दोन नमुन्यांतील अंतर १.२५ नॅनोसेकंदांवर येते. मग वर वर्णिलेली मोजणी दर पाच सेकंदांऐवजी सेकंदाला सुमारे पाच वेळा बदलावी लागते. विजेच्या तारांवरील ठिणग्यांमुळे येणारे क्षणिक गोंगाटाचे नमुने ओळखून तत्काळ बाजूला काढण्याची सोयही एफपीजीएवरच करण्यात आली आहे.

वातावरण-संशोधन रडारशी तुलना

जीएमआरटी ही केवळ ऐकणारी दुर्बीण आहे. ती स्वतः कोणताही संकेत आकाशात पाठवत नाही. रडार मात्र संकेत पाठवते व त्याचा प्रतिध्वनी ऐकते. आंध्र प्रदेशात तिरुपतीजवळ गादंकी येथील राष्ट्रीय वातावरणीय संशोधन प्रयोगशाळेचे ५३ मेगाहर्ट्झचे रडार हे भारतातील ठळक उदाहरण होय. १,०२४ अँटेनांच्या या रडारच्या निर्मितीत मुंबईच्या 'समीर' या संस्थेचा प्रमुख वाटा आहे.

अशा रडारमध्ये प्रोग्रामक्षम कालनियंत्रक प्रत्येक घटनेचा क्षण ठरवतो. स्पंद केव्हा पाठवायचा, त्या वेळी नाजूक ग्राहकाचा मार्ग किती काळ बंद ठेवायचा, तो केव्हा उघडायचा आणि नमुने कोणत्या क्षणापासून घ्यायचे, हे सर्व एका घड्याळाच्या ठोक्यांवरून मोजले जाते. संकेताला जाऊन परत यायचे असल्यामुळे एक मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर उंची असे समीकरण होते. एक मायक्रोसेकंदाच्या स्पंदाने वातावरणाचे १५० मीटर जाडीचे थर वेगळे ओळखता येतात. दोन स्पंदांत एक मिलिसेकंदाचे अंतर ठेवल्यास १५० किलोमीटरपर्यंतचे प्रतिध्वनी संदिग्धता न येता मोजता येतात. उंची किंवा सूक्ष्मता बदलायची असेल, तर यंत्राची जुळणी न बदलता कालनियंत्रकातील आकडे बदलणे पुरेसे असते.

दोन्ही यंत्रणांचे मूळ तत्त्व एकच आहे. स्थिर घड्याळ, मोजणी करणारे अंकीय परिपथ आणि त्यांना दिलेला कार्यक्रम यांवर त्या चालतात. रडारमध्ये वेळेची चूक झाली तर थराची उंची चुकते, जीएमआरटीमध्ये स्रोताची दिशा व आकृती चुकते. ग्राहक नेमका वेळेवर बंद झाला नाही, तर रडारला आपल्याच स्पंदाने इजा होण्याचा धोकाही असतो. हा धोका जीएमआरटीला नाही.

जीएमआरटीचा वातावरणाशी संबंध आणखी एका मार्गाने येतो. पृथ्वीभोवतीच्या आयनांबरातून जाताना कमी वारंवारतेच्या तरंगांना विलंब होतो. खगोलशास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही चूक असते व ती काढून टाकावी लागते. परंतु घड्याळे व तंतू यांचा विलंब निश्चित ठाऊक असेल, तर उरलेल्या फरकावरून आयनांबरातील लहानसहान बदल अभ्यासता येतात. इंदूरच्या आयआयटीतील संशोधकांनी जीएमआरटीच्या निरीक्षणांवरून असा अभ्यास केला आहे.

उपयोग

स्पंदक म्हणजे अतिशय नियमितपणे फिरणारे न्यूट्रॉन तारे. त्यांच्या अभ्यासात कालनियंत्रणाचे महत्त्व सर्वाधिक आहे. जीएमआरटीने शोधलेला पहिला स्पंदक एनजीसी १८५१ या तारकागुच्छात असून त्याचा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. तो सुमारे ५ मिलिसेकंदांत एक फेरी पूर्ण करतो. भारतीय स्पंदक-कालमापन प्रकल्प सुधारित जीएमआरटीच्या साह्याने अशा अनेक स्पंदकांच्या स्पंदांच्या आगमनाची वेळ वर्षानुवर्षे नोंदवत आहे. जून २०२३ मध्ये युरोपीय व भारतीय गटांनी संयुक्तपणे, अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींचे संकेत मिळाल्याचे जाहीर केले. अशा कामात नोंदीवरील वेळेचा शिक्का चुकला, तर ती चूक ताऱ्याच्या माथी मारली जाण्याचा संभव असतो.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपच्या 'स्कियापारेली' या यानाचा मंगळावर उतरतानाचा क्षीण रेडिओ संकेत जीएमआरटीने टिपला. अनेक अँटेनांचे संकेत योग्य वेळी एकत्र केल्यामुळे हे शक्य झाले. अपेक्षित अवतरणाच्या थोडे आधी तो संकेत थांबला. हे यान मंगळाच्या पृष्ठभागावर आदळून नष्ट झाल्याचे नंतर स्पष्ट झाले.

परिसर व रेडिओ-शांतता

घड्याळ कितीही अचूक असले, तरी आकाशातील क्षीण संकेत मानवनिर्मित गोंगाटात बुडाल्यास त्याचा उपयोग होत नाही. म्हणून दुर्बिणीच्या परिसरात मोबाइल फोन बंद ठेवावे लागतात, आणि भोवतालच्या प्रदेशात उद्योगांच्या उभारणीवर निर्बंध आहेत. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील विकासाच्या चर्चेत हा विषय वारंवार येतो. पुणे–नाशिक अर्धजलदगती रेल्वेचा नारायणगावजवळून जाणारा नियोजित मार्ग जीएमआरटीच्या निरीक्षणांना बाधक ठरेल, या कारणाने तो बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली. त्यावर जुन्नर, आंबेगाव व खेड तालुक्यांतून नाराजी व्यक्त झाली. वैज्ञानिक गरज व स्थानिक लोकांच्या दळणवळणाची गरज यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्यामुळे सार्वजनिक चर्चेत आला.

दरवर्षी २८ फेब्रुवारीस राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडद येथे विज्ञान प्रदर्शन भरते. त्यात ग्रामीण भागातील अनेक शाळांचे विद्यार्थी आपली उपकरणे मांडतात. त्या वेळी सर्वसामान्य नागरिकांनाही दुर्बिणीच्या कार्याची माहिती घेता येते.